पूर ओसरल्यानंतरचे वेळापत्रक

पुराविषयी जे लिहिले जाते ते बहुधा पाणी चढत असतानाचे असते. छपरावर अडकलेली माणसे, नावा, दोर, वरून घिरट्या घालणारी हेलिकॉप्टर्स, हे सारे वर्तमानपत्रांत येते. पाणी उतरले की छायाचित्रे थांबतात आणि नदीकाठच्या माणसांचे खरे काम तेथून सुरू होते. या स्मरणिकेसाठी ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर काही लिहावे, अशी सूचना आली तेव्हा आम्ही काही माजी विद्यार्थी एकत्र बसलो. पाणी किती आले यापेक्षा, ते गेल्यावर आपली माणसे रोजच्या जगण्याकडे कशी परतली याची नोंद राहावी, असे सर्वांचे मत पडले. लेखणी एकाच्या हाती असली तरी आठवणी अनेकांच्या आहेत. म्हणून या लेखात ‘आम्ही’ बोलत आहोत.

आम्ही शिरोळ तालुक्यातील नदीकाठचे. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी यांचे पाणी घेऊन येणारी पंचगंगा आमच्याच तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. येथे भूमीला उतार फारसा नाही. कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढे जाण्यास वाट मिळत नाही; तिचे पाणी मागे तुंबते आणि ओढ्यानाल्यांतून, उसाच्या सऱ्यांतून गावांत शिरते. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे माणसे आभाळाकडे कमी आणि आकड्यांकडे अधिक पाहतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोयनेतून किती पाणी सोडले, राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती फूट झाली, याची चौकशी चहाच्या टपरीपासून दूध संकलन केंद्रापर्यंत चालते. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाल्याची वार्ता आली की आमच्या आया धान्याची पोती माळ्यावर चढवू लागत.

२००५ च्या पुराची खूण अनेक घरांच्या भिंतींवर होती. २०१९ चे पाणी त्या खुणेच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ही पातळी ४५ फुटांची. तेथे ५७ फुटांच्या वर नोंद झाली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि स्त्रिया व लेकरांसह अनेकांचे प्राण गेले. ती बातमी आमच्या कानी आली तेव्हा आमचीही माणसे नावेच्या प्रतीक्षेत होती. त्या रात्री नावेत पाय ठेवण्यास कोणी धजावेना, आणि न बसावे तर घर राहील याची शाश्वती नव्हती.

आमची वस्ती गावाच्या उताराला, ओढ्याच्या तोंडाशी आहे. ती तेथे का आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. पाणी आमच्याकडे सर्वांत आधी येते आणि सर्वांत शेवटी जाते. आपले विद्यालय मात्र माळावर आहे. ज्यांनी ही जागा निवडली त्यांच्या मनात पूर होता की केवळ स्वस्त जमीन, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु त्या आठवड्यात माळ हाच आमचा आधार होता. बाके एकावर एक रचून वर्ग मोकळे केले गेले. ज्या खोलीत आम्ही कधीकाळी पाढे म्हटले, त्याच खोलीत आमच्या आयांनी अंथरुणे टाकली.

छावणीतील सर्वांत मोठे दुःख भुकेचे नव्हते. भाकरी आसपासच्या गावांतून पाट्या भरभरून येत होती. दुःख होते ते रिकाम्या वेळेचे. ज्या स्त्रिया पहाटे पाचला उठून भाकरी थापून भांगलणीला जातात, त्या दिवसभर भिंतीला टेकून बसू लागल्या. दिवसाचे दोनच भाग उरले होते, जेवणाची गाडी येण्यापूर्वीचा आणि ती येऊन गेल्यानंतरचा. पुरुष फाटकापाशी उभे राहून पाण्याकडे पाहत. मुले हुंदडून कंटाळली आणि रडू लागली. १५ ऑगस्टला त्याच अंगणात ध्वजवंदन झाले. त्या वर्षी राखीपौर्णिमाही त्याच दिवशी आली होती. बहिणींच्या वाटा बंद होत्या, म्हणून वसतिगृहातील मुलींनी तेथे जमलेल्या सगळ्यांच्याच मनगटांना दोरा बांधला.

पाणी उतरू लागले आणि आम्हांस वाटले की सुटलो. प्रत्यक्षात मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी गेल्यावर पडतात. भिजलेल्या भिंतीवर ऊन पडले की ती फुगते, तडकते आणि दुपारी शांतपणे खाली बसते. आम्ही घर पाहून समाधानाने परतलो आणि संध्याकाळी तेच घर नव्हते, असे अनेकांच्या बाबतीत घडले. म्हणून घरी परत जाण्याची घाई करता येत नव्हती.

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहिला. विद्यालय सुरू कधी करायचे? दहावीच्या मुलांचे वर्ष होते. वसतिगृहात दूरच्या तालुक्यांतील मुले होती, ज्यांच्या घरी पूर नव्हता आणि ज्यांचे पालक रोज फोन करीत होते. दुसरीकडे वर्गखोल्यांत जी कुटुंबे होती, त्यांना जाण्यास छप्पर नव्हते. शिक्षकांपैकी कोणी ‘वर्ग रिकामे करा’ असे म्हणू शकत नव्हते आणि आमच्यापैकी कोणी ‘आम्ही राहतो, शाळा बंद ठेवा’ असे म्हणू शकत नव्हते. दोन दिवस हा विषय मनात ठेवून सर्व जण एकमेकांशी अतिशय सौजन्याने वागत होते. तिसऱ्या दिवशी भोजनगृहात बैठक झाली. अधीक्षक सरांनी प्रश्न मांडला आणि ते गप्प राहिले. वस्तीतील सर्वांत वयस्क आज्जी उठून म्हणाल्या, “सर, तुमी आदी घंटा वाजवा. पोरं वर्गात बसली म्हंजे आमचं हात मोकळं हुत्यात. आमी व्हरांड्यात ऱ्हातो. पावसाची झड आत येतीया तेवढी ताडपत्री बांधा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला घंटा झाली. निम्मे वर्ग मोकळे करून तेथे दोन पाळ्यांत शिकवणे सुरू झाले. उरलेल्या वर्गांत म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि आजारी राहिले. बाकीची कुटुंबे ताडपत्रीच्या आडोशाने व्हरांड्यात आली. वस्तीतील मुलांची नावेही त्या काळापुरती हजेरीवर घेण्यात आली. वसतिगृहाच्या भिंतीवरील वेळापत्रक, म्हणजे पहाटेचे उठणे, स्वच्छता, वंदना, अभ्यास, भोजन, मोठ्या माणसांनीही आपोआप पाळण्यास सुरुवात केली. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते. घंटेबरोबर मुले वर्गात जात आणि मोठी माणसे फावडी-घमेली घेऊन वस्तीकडे निघत.

भूगोलाच्या सरांनी पहिल्या तासाला पाठ्यपुस्तक उघडले नाही. मुलांचा एकच प्रश्न होता, ‘पाणी का आलं?’ सरांनी फळ्यावर सह्याद्रीपासून आलमट्टीपर्यंत कृष्णेचे खोरे काढले. घाटात काही दिवसांत पडलेला पाऊस, भरत आलेली धरणे, सपाट पात्र, पूररेषेच्या आत झालेली बांधकामे, खाली कर्नाटकातील धरणाविषयी चाललेला वाद, हे सर्व त्यांनी मुलांना समजेल अशा भाषेत सांगितले. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, हे त्या दिवशी मुलांबरोबर दारात उभ्या असलेल्या पालकांनीही प्रथमच ऐकले. राज्य शासनाने याच महिन्यात पुराच्या कारणांच्या अभ्यासासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

सरांनी त्याच तासाला आणखी एक गोष्ट सांगितली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. १९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार झाला. त्यानंतर ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला जी परिषद झाली तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करण्याच्या त्या दिशेतूनच १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. जादा पाणी हे केवळ वाटेला लावण्याचे संकट नसून साठवून वापरण्याची संपत्ती आहे, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या वस्तीत प्रत्येक घरात बाबासाहेबांची तसबीर होती. पुरातून सर्वांत आधी डोक्यावर घेऊन बाहेर काढली गेली तीही तीच. परंतु त्यांनी पुराचा अभ्यास केला होता हे आमच्यापैकी पुष्कळांनी त्या दिवशी व्हरांड्यात बसून ऐकले.

गाळ काढणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्याला मुदत असते. ओला असतो तोवर तो फावड्याने निघतो. दोन उन्हे लागली की फरशीला सिमेंटासारखा धरतो. म्हणून कोणाचे घर आधी, हा प्रश्न आला. दहा-दहा जणांच्या तुकड्या केल्या आणि क्रम ठरवला: एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची घरे प्रथम, लहान बाळ असलेली त्यानंतर, आणि ज्या घरात तीन-चार धडधाकट हात आहेत ती शेवटी. या क्रमाने काही तरुण नाराज झाले, परंतु क्रम मोडला नाही. मदतीच्या गाड्या येत होत्या. देणाऱ्यांविषयी कृतज्ञता व्यक्त करूनही सांगावेसे वाटते की जुन्या कपड्यांचे ढीग लागले, बिस्किटांचे पुडे उरले, आणि खराटे, बादल्या, फिनेल, ताडपत्री, तवे यांची चणचण राहिली. एका शाळकरी मुलाने पाठवलेल्या खोक्यात बारा कोऱ्या वह्या आणि एक कंपास निघाली, तेव्हा त्या खोक्याभोवती सर्वांत जास्त मुले जमली.

यानंतरचा प्रश्न कागदांचा होता. शेतकऱ्याचे पीक बुडाले तर सातबारा तलाठ्याकडे असतो. आमच्या बहुतेकांना जमीन नाही. आमची मालमत्ता म्हणजे पत्र्याच्या पेटीतील कागद. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, मुलीचे गुणपत्रक, आजोबांच्या नावाचा जुना उतारा. पेट्या उघडल्या तेव्हा आतून चिखल निघाला.

सानुग्रह अनुदान बँकेच्या खात्यावर जमा होणार, खात्यासाठी पासबुक हवे, पासबुकासाठी ओळखपत्र हवे. हे चक्र कसेबसे सुटले. जातीच्या पुराव्याचे चक्र सहज सुटणारे नव्हते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्या प्रत्येक पालकास माहीत आहे. तो पुरावा बहुतेकांच्या घरी एकच असतो: आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असल्याचा उतारा. घरातील उतारे गेले होते आणि मूळ रजिस्टरे ज्या कपाटात होती त्या कपाटातही पाणी शिरले होते.

त्या शाळेच्या गुरुजींनी ती भिजलेली रजिस्टरे विद्यालयात आणली. उन्हात ठेवली असती तर पाने कडक होऊन तुटली असती. वाचनालयाची खोली बंद करून, पंख्याखाली, प्रत्येक पानाआड वर्तमानपत्राचा कागद घालून ती वाळवण्यात आली. ओला झालेला कागद दिवसातून तीनदा बदलायचा. नववीच्या मुलींनी हे काम तीन आठवडे केले. आम्ही पाहिले की शाईपेनाने लिहिलेली निळी अक्षरे फुटून गेली होती, बॉलपेनची टिकली होती, आणि सर्वांत जुनी, टाकाने काळ्या शाईत लिहिलेली बहुतेक अक्षरे शाबूत होती.

त्या अक्षरांत आमच्या आजोबांची नावे होती. नावापुढे जात लिहिली होती, तीही त्या काळी लिहीत तशी, आदराचा एकही शब्द न वापरता. ज्या शब्दामुळे त्यांना वर्गाबाहेर बसावे लागले, ज्याचे ओझे आमच्या घरांनी १९५६ मध्ये उतरवून ठेवले, तोच शब्द नातीच्या प्रवेशासाठी जपून वाळवायचा होता. एका मुलीने ते पान हातात घेऊन विचारले, “हे फुसून गेलं असतं तर चांगलं झालं असतं का वाईट?” कोणीच उत्तर दिले नाही. तिने पानाआड नवा कागद घातला आणि पुढचे पान उचलले.

पंचनाम्यांतही एक गाठ होती. नोंद घरठाणाच्या उताऱ्याप्रमाणे होत होती. वडिलांच्या नावावर एक उतारा आणि त्या छपराखाली चार भावांच्या चार चुली, अशी घरे आमच्याकडे पुष्कळ. उताऱ्याप्रमाणे नुकसान एका घराचे; प्रत्यक्षात चार संसार वाहून गेलेले. शिवाय उसाची भरपाई शेतमालकाला मिळणार होती, आणि ज्यांची भांगलण, तोडणी, भरणी त्या उसावर चालत होती त्यांच्यासाठी कोणताच रकाना नव्हता. सुरळीत गाळ बसून ऊस कुजला की मालकाचे एक पीक जाते, मजुराचे मात्र वर्षभराचे रोजगाराचे दिवस जातात. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी घरोघर फिरून उताऱ्याऐवजी चुलींची यादी केली. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचे नाव लिहिले. ती यादी घेऊन कार्यालयांचे उंबरे किती वेळा झिजवले हे येथे सांगत नाही. काही चुलींना न्याय मिळाला, काहींना अद्याप नाही.

दिवस हळूहळू रुळावर आले. गणपती साधेपणाने बसले, शेजारच्या गावांतील दूध पुन्हा संकलन केंद्रावर जाऊ लागले, व्हरांड्यातील एकेक ताडपत्री उतरली. शेवटचे कुटुंब गेले त्या दिवशी आज्जींनी व्हरांडा शेणाने सारवण्याचा हट्ट धरला. तेथे फरशी आहे हे सांगून त्यांना थांबवावे लागले. मग त्यांनी फरशी धुऊन घेतली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. शाळा त्या वेळी नियमित सुरू झालेल्या नव्हत्या, वसतिगृह जवळजवळ रिकामे होते. पाणी याही वेळी घरांत शिरले, भिंती याही वेळी पडल्या. परंतु कागद पेट्यांत नव्हते. प्रत्येक घराची एक प्लॅस्टिकची पिशवी विद्यालयाच्या वरच्या मजल्यावरील कपाटात आधीच आलेली होती, आणि छायाप्रती वेगळ्या ठेवल्या होत्या. चुलींची यादी तयार होती. नावेसाठी रात्र उजाडण्याची वाट न पाहता, पातळी वाढत असल्याचे कळताच म्हातारी माणसे आणि जनावरे दिवसाउजेडी माळावर आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला घंटा झाली. मास्क बांधलेली, अंतर ठेवून बसलेली तीस-चाळीस मुले आणि एक शिक्षक, एवढीच ती शाळा होती. तरी मोठ्यांचे पाय फावड्यांकडे वळले.

संकटानंतर जीवन आपोआप पूर्वपदावर येते, असे म्हणण्याची पद्धत आहे. आमचा अनुभव तसा नाही. कोणीतरी घंटा वाजवावी लागते, कोणीतरी क्रम ठरवावा लागतो, कोणीतरी तीन आठवडे कागद बदलत बसावे लागते. आणि पूर्वपद तरी कोठे सर्वस्वी चांगले होते? चार चुलींचा एक उतारा पुराने निर्माण केला नव्हता. उताराची वस्तीही पुराने वसवली नव्हती. पुराने ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आणले, इतकेच. वस्ती वर हलवावी की नाही याविषयी आमच्यात अजून दोन मते आहेत. जागा मिळाली तर ती कामापासून किती लांब असेल, ही चिंता खोटी नाही. दर पावसाळ्यात झोप उडते, हेही खोटे नाही. हा निर्णय आमचा आम्हांसच करावयाचा आहे, आणि तो पाणी दाराशी आल्यावर नव्हे तर कोरड्या दिवसांत व्हावा, एवढ्यावर मात्र एकमत आहे.

तोवर एक काम ठरलेले आहे. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी विद्यालयाच्या वाचनालयात चुलींची यादी नव्याने लिहिली जाते आणि कागदांच्या पिशव्या तपासल्या जातात. लग्न होऊन वेगळ्या झालेल्या घरांची नावे त्या दिवशी वाढतात, जी माणसे गेली त्यांच्या नावांवर रेघ येते. माजी विद्यार्थी बंधुभगिनींनी त्या दिवशी अवश्य यावे. लिहिणारे हात दरवर्षी कमी पडतात.